घरी राहून शिकणाऱ्यांसाठी शासकीय शिष्यवृत्ती

दिंडोरी तालुक्यात द्राक्षबागांची खरड छाटणी आटोपून पावसाचे वेध लागले, की कृषी कार्यालयात येणाऱ्या शेतकरी बंधूंच्या चौकशीचा विषय बदलतो. ठिबक संच, फवारणी यंत्र, शेततळ्याचे अस्तरीकरण ह्यांच्या जोडीला आणखी एक प्रश्न हमखास विचारला जातो. "साहेब, मुलगी बारावी झाली. मुक्त विद्यापीठात तिचे नाव घालतो आहोत. शिष्यवृत्तीही त्याच महाडीबीटीवर मिळते म्हणतात. तेवढा फॉर्म येथेच भरून होईल काय?"

प्रश्न साधा असला तरी त्याचे उत्तर 'होय' किंवा 'नाही' अशा एका शब्दात देता येत नाही. महाडीबीटी हे संकेतस्थळ एक असले तरी त्यावरील शेतकरी योजनांचा विभाग निराळा आणि विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीचा विभाग निराळा आहे. ठिबकासाठी वडिलांनी केलेल्या नोंदणीतून मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज करता येत नाही. तिला स्वतःच्या आधार क्रमांकावर स्वतंत्र नोंदणी करावी लागते. अर्जाची छाननीही कृषी विभाग करीत नसून, प्रथम तिची शिक्षणसंस्था आणि नंतर समाजकल्याण किंवा आदिवासी विकास यांसारखा संबंधित विभाग करतो. तथापि हा विषय आमच्या कामाच्या कक्षेबाहेरचा म्हणून सोडून देणे प्रस्तुत लेखकास योग्य वाटत नाही. बागेच्या हिशोबात औषधांइतकाच मुलांच्या शिक्षणाचाही खर्च असतो, आणि तो कोठून भागणार हे आधी ठाऊक असले म्हणजे कर्जाचा आकडा थोडा तरी खाली येतो.

आपल्या तालुक्याची रचना लक्षात घेतली म्हणजे दूरशिक्षणाकडे इतकी मुले का वळतात ते समजते. मोहाडी, जानोरी, खेडगाव हा भाग द्राक्ष आणि टोमॅटोचा. तेथे छाटणीपासून काढणीपर्यंत माणसांची गरज संपत नाही. पश्चिमेस ननाशीच्या बाजूस डोंगर आणि भात-नागलीची कोरडवाहू शेती. तेथील तरुण हंगामात खाली बागांवर कामास येतात. सकाळी सातला बागेत पोहोचून डोळ्यांना पेस्ट लावणारा, विरळणी करणारा मुलगा दहा वाजता महाविद्यालयाच्या वर्गात कसा बसणार? लग्न होऊन आलेल्या सुनेची अडचण तर त्याहून मोठी असते. ह्या मंडळींना घरी पुस्तक वाचून, सुटीच्या दिवशी अभ्यासकेंद्रावर जाऊन आणि वर्षाकाठी परीक्षा देऊन पदवी घेता येते, हीच मोठी सोय आहे.

ही सोय आपल्या जिल्ह्यातच उभी राहिली. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना राज्याच्या स्वतंत्र कायद्यान्वये १९८९ मध्ये झाली आणि त्याचे मुख्यालय नाशिकजवळ, गंगापूर धरणाच्या परिसरात आहे. डॉ. राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचे बोधवाक्य. कृषिविज्ञान केंद्राच्या निमित्ताने नाशिक जिल्ह्यातील शेतकऱ्यांस हे विद्यापीठ परिचयाचे आहेच. देशात पत्रद्वारा शिक्षणाचा प्रारंभ १९६२ मध्ये दिल्ली विद्यापीठाने केला, आणि इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ मध्ये स्थापन झाले. ज्यांचे नाव आपल्या विद्यापीठास दिले आहे ते यशवंतराव मुख्यमंत्री असतानाच आर्थिकदृष्ट्या मागास पालकांच्या मुलांना फीमाफीची, म्हणजे जुन्या पिढीस ठाऊक असलेली 'ई. बी. सी.' सवलत सुरू झाली होती. गावोगावच्या कित्येक आजोबांचे शिक्षण त्या तीन अक्षरांवर झाले आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. घरी राहून शिकणाऱ्यास शासन काय देते?

ह्या बाबतीत सर्वांत महत्त्वाची योजना म्हणजे भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. अनुसूचित जातींसाठी ती १९४४ पासून चालू आहे आणि पुढे काही वर्षांतच ती अनुसूचित जमातींनाही लागू करण्यात आली. ह्या योजनेच्या नियमांत पत्रद्वारा शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचा स्पष्ट उल्लेख असून, दूरशिक्षण व निरंतर शिक्षण ह्यांचाही त्यात समावेश केलेला आहे. ही गोष्ट फारच थोड्या पालकांना माहीत असते. नियमित महाविद्यालयात जाणाऱ्यास जो दरमहाचा निर्वाहभत्ता मिळतो तो मात्र दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्यास मिळत नाही. त्यास मिळते ते दोन प्रकारचे सहाय्य : परत न मिळणाऱ्या अनिवार्य शुल्काचा परतावा आणि पुस्तकांसाठी ठरावीक वार्षिक रक्कम. केंद्र शासनाने २०१० मध्ये ठरविलेल्या दरांत ही पुस्तकांची रक्कम वर्षाला १,२०० रुपये होती. अनुसूचित जातींच्या योजनेची २०२०-२१ पासून फेररचना झाली. तीत खर्चाचा ६० टक्के भार केंद्राने आणि ४० टक्के राज्याने उचलावयाचा असून, राज्याचा हिस्सा आधी आणि केंद्राचा नंतर असे पैसे विद्यार्थ्याच्या खात्यावर दोनदा जमा होतात. म्हणून पहिली रक्कम अपुरी दिसली तर घाबरून जाऊ नये.

ह्याच योजनेतील आणखी दोन तरतुदी आपल्या भागातील विद्यार्थ्यांच्या विशेष उपयोगाच्या आहेत.

पहिली तरतूद नोकरी किंवा मजुरी करून शिकणाऱ्यासंबंधीची आहे. विद्यार्थी स्वतः कमावता असला म्हणून तो अपात्र ठरत नाही. त्याचे व पालकांचे मिळून उत्पन्न मर्यादेच्या आत असले तर शुल्काचा परतावा त्यास मिळू शकतो. ही मर्यादा केंद्राने २०१३ मध्ये वार्षिक अडीच लाख रुपये केली. चालू वर्षाची मर्यादा अर्ज भरतेवेळी योजनेच्या पानावर पाहून घ्यावी. द्राक्ष पॅकिंगच्या कामावर जाणाऱ्या एका तरुणाने "मी पगार घेतो, मला कोण शिष्यवृत्ती देणार" म्हणून दोन वर्षे अर्जच केला नव्हता. त्या दोन वर्षांचे पैसे आता त्यास परत मिळणे नाही.

दुसरी तरतूद विवाहित मुलींची. मुलगी विवाहित असून स्वतः कमावत नसेल तर उत्पन्न पतीचे धरले जाते, वडिलांचे नव्हे. पश्चिम भागातील एका गावच्या सुनेचा अर्ज गेल्या वर्षी ह्याच कारणास्तव त्रुटीत निघाला. बारावीनंतर चार वर्षे शिक्षण थांबलेले. सासूने धीर दिला म्हणून तिने कला शाखेच्या पहिल्या वर्षास प्रवेश घेतला. शुल्क बचतगटातून उचलून भरले. उत्पन्नाचा दाखला मात्र माहेरचा जोडला, कारण तो आधीपासून घरात होता! नवीन दाखला काढण्यास तीन आठवडे गेले आणि दुरुस्तीची मुदत संपावयास दोन दिवस राहिले असताना अर्ज पुन्हा सादर झाला.

इतर मागासवर्गीयांसाठी असलेल्या केंद्र पुरस्कृत मॅट्रिकोत्तर योजनेतही पत्रद्वारा शिकणाऱ्यांस शुल्काच्या परताव्याची तरतूद आहे. तिची उत्पन्नमर्यादा व दर निराळे आहेत. शेजारच्याचा अर्ज पाहून आपला भरणे येथे अगदी अयोग्य होय.

ज्या योजनांची गावात अधिक चर्चा असते त्यांपैकी बहुतेकांत दूरशिक्षणास जागा नाही, हे येथेच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. बारावीच्या गुणांवर मिळणारी केंद्रीय क्षेत्र शिष्यवृत्ती ही नियमित पदवी अभ्यासक्रमासाठीच आहे. पत्रद्वारा किंवा दूरशिक्षणाने शिकणारा तिला पात्र नाही. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेचा आधार व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतून जाणाऱ्या मुलांना मोठा आहे, परंतु घरी राहून शिकणाऱ्यास तो नाही. जुलै २०२४ च्या शासननिर्णयाने मुलींना जी पूर्ण शुल्कमाफी मिळाली तीही अशाच प्रवेशप्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमास गेलेल्या मुलींसाठी आहे. "मुलींना आता सर्व शिक्षण फुकट झाले" असे बाजारात ऐकून मुक्त विद्यापीठाचे शुल्क न भरता थांबलेली कुटुंबे मी पाहिली आहेत. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाने असलेली वसतिगृह निर्वाह भत्ता योजना, तसेच आदिवासी मुलांसाठीची पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम् योजना ह्या घर सोडून शहरी राहणाऱ्या विद्यार्थ्याच्या निवास-भोजनासाठी आहेत. घरी जेवणाऱ्यास त्या लागू होण्याचे कारणच नाही.

खुल्या प्रवर्गातील आणि उत्पन्नमर्यादेच्या थोडे वर असलेल्या शेतकरी कुटुंबातील मुलास, ह्याप्रमाणे, दूरशिक्षणासाठी रोख सहाय्य जवळजवळ नाहीच. नियमित महाविद्यालयाच्या मानाने मुक्त विद्यापीठातील पारंपरिक पदवीचा एकूण खर्च कमी असतो आणि एस. टी.चा पास, खोलीभाडे, खानावळ हे वाचते, हीच काय ती सवलत म्हणावयाची. केंद्र शासनाचे 'स्वयम्' हे २०१७ मध्ये सुरू झालेले ऑनलाइन अभ्यासक्रमांचे व्यासपीठ अशांनी अवश्य पाहावे. तेथे शिकण्यास काही पडत नाही. प्रमाणपत्र हवे असल्यास तेवढे परीक्षेचे शुल्क भरावे लागते.

शासनाने दूरशिक्षणाच्या बाबतीत असा हात आखडता का घ्यावा, हा प्रश्न कोणासही पडेल. ह्याला कारण आहे आणि ते केवळ आपल्याकडचे नाही. अमेरिकेत पत्रद्वारा शिक्षणाच्या नावाखाली केवळ सरकारी सहाय्य उकळणाऱ्या संस्था इतक्या वाढल्या, की ज्या संस्थेचे निम्म्याहून अधिक अभ्यासक्रम पत्रद्वारा चालतात तिच्या विद्यार्थ्यांस सरकारी सहाय्य बंद करण्याचा कायदा तेथे १९९२ मध्ये करावा लागला. ऑनलाइन शिक्षणासाठी ती अट २००६ मध्ये उठविण्यात आली. वर्गात हजेरी लागते, ती मोजता येते. घरी बसून कोण किती वाचतो हे मोजता येत नाही. म्हणून सरकारे बिचकतात. हे समजण्यासारखे आहे. तरीही जो मुलगा आईवडिलांच्या बागेत राबून शिकतो त्याच्या वाट्यास पुस्तकांपुरते पैसे यावेत, ही व्यवस्था प्रस्तुत लेखकास पुरेशी वाटत नाही. राबणाऱ्या विद्यार्थ्याचा बुडणारा रोज कोणत्याच योजनेत मोजलेला नाही.

फसवणुकीची भीती किती खरी आहे ह्याचे उदाहरण आपल्याच तालुक्यात घडले. एका होतकरू तरुणास खते व कीटकनाशके विक्रीचे दुकान काढावयाचे होते. त्या परवान्यासाठी शासनाने शैक्षणिक अर्हता ठरविलेली आहे. एका मध्यस्थाने त्यास "घरी बसून बी. एस्सी. कृषी, शिष्यवृत्तीसह" असे सांगून परराज्यातील एका संस्थेत नाव घालावयास लावले आणि दोन वर्षांचे शुल्क रोख घेतले. कागद घेऊन तो कार्यालयात आला तेव्हा त्यास वाईट बातमी सांगण्याचे काम माझ्याकडे आले. कृषी विषयातील पदवी दूरशिक्षणाने देण्यास विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्येच मनाई केली आहे. अभियांत्रिकी, वैद्यक, औषधनिर्माण, परिचर्या, विधी हे विषयही अशाच मनाईच्या यादीत आहेत. ज्या पदवीस मान्यता नाही तिच्यावर परवाना नाही, नोकरी नाही आणि शिष्यवृत्ती तर नाहीच नाही. शेतजमिनीचा तुकडा गहाण ठेवून त्याने ते पैसे उभे केले होते. मध्यस्थाचा फोन त्यानंतर लागलेला नाही.

ज्यांना कृषी पदवीच हवी त्यांनी नियमित महाविद्यालयाचा मार्ग धरावा. आपल्या भागासाठी राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे आणि तेथे वर सांगितलेल्या मोठ्या शिष्यवृत्त्यांचा लाभही मिळू शकतो. ज्यांना बाग सोडता येत नाही पण धंद्याचे ज्ञान वाढवावयाचे आहे, त्यांच्यासाठी मुक्त विद्यापीठाच्या कृषिविज्ञान विद्याशाखेचे पदवीखालील प्रमाणपत्र व पदविका अभ्यासक्रम आहेत. परवान्यासाठी म्हणून एखादा अभ्यासक्रम घ्यावयाचा असल्यास तो चालतो की नाही, हे शुल्क भरण्यापूर्वी कृषी कार्यालयात विचारावे. नंतर विचारून उपयोग नसतो.

कला, वाणिज्य व तत्सम पदव्यांच्या बाबतीत मात्र मनात किंतु बाळगण्याचे कारण नाही. मान्यताप्राप्त विद्यापीठाने मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाची दूरशिक्षणाने दिलेली पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची मानावी, असे आयोगाने २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केले आहे. मान्यता पाहण्याची रीत सोपी आहे. आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर प्रत्येक सत्रासाठी मान्यताप्राप्त विद्यापीठे व त्यांचे अभ्यासक्रम ह्यांची यादी असते. विद्यापीठाचे नाव यादीत आहे एवढ्यावर समाधान मानू नये. आपला अभ्यासक्रम आणि चालू वर्ष दोन्ही तीत असले पाहिजे. २०२४ पासून दूरशिक्षणास प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्यास ह्याच संकेतस्थळावर स्वतःचा 'डेब' ओळखक्रमांक काढावा लागतो. तो विनामूल्य मिळतो. त्यासाठी कोणी पैसे मागू लागल्यास तेथून उठून यावे. दूरशिक्षणाची अभ्यासकेंद्रे दलालीने किंवा मक्त्याने चालविण्यास नियमांची बंदी आहे, हेही ध्यानात असू द्यावे.

आता हंगाम आणि कागद ह्यांचा मेळ कसा घालावा ते पाहू. आपल्याकडे द्राक्षाचे पैसे साधारणतः जानेवारी ते एप्रिल ह्या काळात हाती येतात. मुक्त विद्यापीठाचे प्रवेश जुलैच्या सुमारास सुरू होतात. तोपर्यंत सोसायटीचे कर्ज, औषधांची उधारी आणि खरड छाटणीची मजुरी ह्यांत ते पैसे गेलेले असतात. पुढे सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी बहाराची छाटणी येते तेव्हा घरात रोकड अगदीच नसते. माझ्या पाहण्यातील बहुतेक दूरशिक्षण विद्यार्थ्यांनी प्रवेशाच्या वेळी संपूर्ण शुल्क स्वतः भरले आणि शिष्यवृत्ती मागाहून, कधी कधी वर्ष उलटल्यावर मिळाली. म्हणून शिष्यवृत्तीच्या भरवशावर प्रवेश न घेता काढणीच्या पैशातून पहिल्या वर्षाचे शुल्क बाजूस काढून ठेवावे. त्याच वेळी, म्हणजे एप्रिल-मे महिन्यांत, उत्पन्नाच्या नव्या दाखल्यासाठी अर्ज करावा. तहसील कार्यालयाच्या दाखल्याची मुदत आर्थिक वर्षाबरोबर, ३१ मार्च रोजी संपते, आणि जून-जुलैत सेतू केंद्रावर जी गर्दी होते तिच्यात मजुरीचे दोन-तीन दिवस सहज बुडतात.

दाखल्यासंबंधी एक गैरसमज फार खोलवर रुजलेला आहे. शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही, तेव्हा ते दाखविण्याची गरज नाही, असे पुष्कळ जण समजतात. शिष्यवृत्तीसाठी कुटुंबाचे सर्व मार्गांचे उत्पन्न धरतात. त्यात शेती, दुग्धव्यवसाय, नोकरी, मजुरी सर्व आले. गारपिटीने बाग गेली असेल तर उत्पन्न खरोखर घटलेले असते. अशा वर्षी पंचनाम्याची प्रत जोडून तलाठ्याकडे तशी नोंद मागावी. चांगल्या वर्षाच्या अंदाजावर दाखला घेऊन बसू नये.

बँक खात्याची गोष्टही थोडक्यात सांगितली पाहिजे. रक्कम अर्जात लिहिलेल्या खात्यावर जात नसून विद्यार्थ्याच्या आधार क्रमांकाशी शेवटी जोडलेल्या खात्यावर जाते. शाळेत असताना एका बँकेत, पुढे दुसऱ्या बँकेत असे खाते असलेल्या मुलांचे पैसे भलत्याच खात्यात जाऊन पडतात आणि घरचे लोक 'शिष्यवृत्ती आलीच नाही' म्हणून हिंडत राहतात. प्रवेशापूर्वी बँकेत जाऊन आधारजोडणी कोणत्या खात्यास आहे ते विचारून घ्यावे. ते खाते विद्यार्थ्याचे स्वतःचे आणि चालू स्थितीत असावे.

अभ्यासक्रम निवडताना आणखी एक अट पाहावी. ही शिष्यवृत्ती पुढच्या पायरीवर जाणाऱ्यास मिळते. त्याच पायरीवरील दुसऱ्या शिक्षणास मिळत नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेतल्यावर पुन्हा कला शाखेची पदवी करू म्हटल्यास तीस शिष्यवृत्ती नाही. दूरशिक्षणात विषय व शाखा बदलण्याकडे विद्यार्थ्यांचा कल अधिक असतो, म्हणून हे मुद्दाम सांगितले. त्याचप्रमाणे परीक्षेस न बसता वर्ष तसेच जाऊ दिले तर पुढील नूतनीकरण अडते. वार्षिक परीक्षा सामान्यतः मे-जूनच्या सुमारास येते. तेव्हा बागेत खरड छाटणीनंतरची फुटींची विरळणी व सबकेनची कामे चालू असतात. घरातील मंडळींनी त्या पंधरवड्यापुरता एक मजूर अधिक लावावा; परीक्षा बुडाल्याने होणारे नुकसान त्या मजुरीपेक्षा मोठे आहे.

अर्ज सादर झाला म्हणजे काम संपले असे नाही. तो आधी शिक्षणसंस्थेच्या लिपिकाकडे, मग विभागाकडे जातो आणि दोन्ही ठिकाणी त्रुटी निघू शकते. त्रुटीची सूचना मोबाइलवर येते खरी, पण बागेत काम करणाऱ्याच्या लक्षात ती येतेच असे नाही. दर पंधरा दिवसांनी, आठवडे बाजाराच्या दिवशी गावातील केंद्रावर जाऊन अर्जाची स्थिती पाहावी. अर्जाची छापील प्रत, शुल्काची मूळ पावती आणि अर्जक्रमांक ही तीन सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवावीत. शिष्यवृत्ती दरवर्षी नव्याने मंजूर होते. म्हणून दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज पुन्हा करावा लागतो, आणि त्यासाठी पहिल्या वर्षाची गुणपत्रिका व चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला लागतो. वर उल्लेखिलेल्या सुनेने ह्या वेळी पतीच्या उत्पन्नाचा दाखला मे महिन्यातच काढून ठेवला आहे.